वळणावर पालापाचोळा आमच्या काठाला अन् रेती समोरच्या. एकाच पाण्यात हे कसं?

थडीवरचा (ता. देवळी, जि. वर्धा)

आमचं शेत वर्धा नदीच्या डाव्या थडीला आहे. पलीकडं यवतमाळ जिल्हा. शेताजवळ नदी मोठं वळण घेते आणि वळणाची बाहेरची बाजू नेमकी आमची. दरड वीस-बावीस फूट, उभीच्या उभी. २०२२ च्या जुलैच्या पुरात धुऱ्यावरची बाभूळ गेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात कपाशीचे दोन-चार तास, म्हणजे ओळी, नदीत जातात. समोर मात्र रेतीचा पट्टा वाढत चाललाय. उन्हाळ्यात तो इतका पुढं येतो की धार आमच्या दरडीला चिकटूनच वाहते.

नदी काठ कापते हे कळतं. मला अडलंय ते दुसऱ्याच ठिकाणी. पुराच्या वेळी दरडीवरून पाहिलं तर वर तरंगणारं सगळं, पळसाची पानं, तुऱ्हाट्या, निर्माल्य, हळूहळू आमच्या बाजूला सरकतं आणि दरडीला घासत जातं. रेती मात्र समोर जाऊन बसते. तीही त्याच पाण्यातून आलेली. पाणी आमच्याकडं ढकललं जात असेल तर रेतीही आमच्याकडंच यायला पाहिजे, उलट ती जड म्हणून जास्तच जोरात यायला पाहिजे. तसं का होत नाही?

गावात दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, पोकलेन लावून वळणच सरळ करून टाकू. काहींचं म्हणणं, समोरची रेती काढली की धार तिकडं वळेल. ग्रामसभेत विषय येणार आहे. त्याआधी मला हे मुळापासून समजून घ्यायचंय. कोणी नदीवर काम केलेलं असेल तर सविस्तर सांगा जी.

भूगोल-एस.वाय.

दादा, पृथ्वीच्या फिरण्यामुळं उत्तर गोलार्धातल्या नद्या उजवा काठ जास्त कापतात, त्याला बेअरचा नियम म्हणतात. तुमच्याकडं तेच होत असेल. बाकी बाहेरच्या बाजूला वेग जास्त म्हणून झीज आणि आतल्या बाजूला वेग कमी म्हणून गाळ, एवढं आमच्या पुस्तकात आहे.

मोजणीदार (निवृत्त)

थडीवरचे भाऊ, फार नेमका प्रश्न विचारलात. पान आणि रेती एकाच पाण्यात आहेत हे खरं, पण एकाच थरात नाहीत. सगळं उत्तर त्यातच आहे.

मी नोकरीभर नद्यांचा वेग मोजला. नावेतून करंट मीटर सोडायचा, पाणी खोल असेल तर एकदा खोलीच्या दोन दशांशावर आणि एकदा आठ दशांशावर वाचन घ्यायचं, दोन्हींची सरासरी काढायची. उथळ असेल तर सहा दशांशावर एकच वाचन. वरचं वाचन खालच्यापेक्षा जास्त येणार हे ठरलेलं. तळाशी रेती-गोट्यांचं घर्षण असतं म्हणून तिथं पाणी मंद, वर मोकळं म्हणून तिथं वेगवान. सरळ पात्रात हा फरक फक्त वेगाचा असतो. वळणावर त्याच फरकामुळं वरच्या आणि खालच्या पाण्याची दिशा वेगळी होते. म्हणून वेग मोजण्याचं ठिकाण निवडताना आम्ही वळण टाळायचो आणि लांब सरळ पात्र शोधायचो.

आता तुमच्या वळणावर या. पाण्याची ओढ सरळ जाण्याची, त्यामुळं ते बाहेरच्या काठाशी थोडं चढतं. तुमच्या बाजूला पातळी जरा उंच, समोर जरा खाली. हा चढ काढायचा हिशेब सोपा आहे: वेगाचा वर्ग गुणिले पात्राची रुंदी, भागिले गुरुत्वत्वरण आणि वळणाची त्रिज्या. पात्र १५० मीटर रुंद, त्रिज्या ५०० मीटर आणि वेग सेकंदाला २ मीटर धरला तर चढ सुमारे १२ सेंटिमीटर येतो. वेग ३ मीटर झाला की तोच २७-२८ सेंटिमीटर. नुसत्या डोळ्यांना तो दिसणार नाही. पण पूर उतरल्यावर दोन्ही थड्यांच्या झाडाझुडपांत अडकलेल्या कचऱ्याची उंची लेव्हलचं यंत्र लावून मोजली तर सापडतो.

या चढामुळं पाण्यावर आतल्या काठाकडं दाब येतो, आणि तो दाब वरपासून तळापर्यंत सारखाच असतो. पाण्याची बाहेर जाण्याची ओढ मात्र सारखी नसते, ती वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढते. वरच्या वेगवान पाण्याची ओढ दाबाला भारी पडते, म्हणून ते तुमच्या काठाकडं येतं. तळाच्या मंद पाण्याची ओढ दाबापुढं कमी पडते, म्हणून ते समोरच्या काठाकडं ढकललं जातं. वरचं पाणी तुमच्या दरडीशी आलं की खाली बुडतं, तळावरून आत जातं आणि समोरच्या बाजूला पुन्हा वर येतं. हे सगळं पुढं वाहता वाहता होतं, त्यामुळं वळणावरचं पाणी मळसूत्री वाटेनं जातं. पान वरच्या थरात असतं, ते तुमच्याकडं येतं. रेती तळावरून लोळत जाते, ती तळाच्या पाण्याबरोबर समोर जाते. रेती जड आहे म्हणून ती बाहेर फेकली जाईल, ही समजूत इथं लागू पडत नाही. ती जड आहे म्हणूनच तळाशी आहे.

आडवी धार तशी बारीकच असते. पाणी ५ मीटर खोल आणि त्रिज्या ५०० मीटर असेल तर तळाचं पाणी मुख्य धारेपासून साधारण ६ अंशच वळलेलं असतं. पण त्याच हिशेबानं ५०० मीटर पुढं जाईपर्यंत ते ५० मीटर आत सरकलेलं असतं. रेतीचा पट्टा उभा राहायला तेवढं पुरे.

घरी पाहायचं असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या, भिजलेली चहापत्ती टाका, चमच्यानं गोल फिरवा आणि चमचा काढून घ्या. पत्ती कडेला न जाता तळाशी मध्यभागी गोळा होते. कारण तेच: तळाचं पाणी घर्षणानं मंदावतं आणि आत ढकललं जातं. १९२६ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी नदीच्या वळणांवर एक लेख लिहिला, त्यात हाच चहापत्तीचा दाखला आहे. त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८७६ मध्ये, जेम्स थॉमसन यांनी वळणावरच्या प्रवाहाचं हे स्पष्टीकरण मांडलं होतं. लॉर्ड केल्विन यांचे ते थोरले भाऊ.

भूगोलवाल्या पोरा, पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम असतो, पण इथं तो कारण नाही. आपल्या अक्षांशावर, सेकंदाला २ मीटर वेगाला, ५०० मीटर त्रिज्येच्या वळणाची ओढ पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा जवळजवळ ऐंशी पट भरते. तू स्वतः आकडे घालून पाहा. आणि दादांचा काठ डावा आहे, तो कापला जातोय. पुढच्या वळणावर हीच नदी उजवा कापत असेल. पुस्तकातलं वेगाचं वाक्य बरोबर आहे, फक्त रेती आडवी जाते कशी हे त्यातून कळत नाही.

एक गोष्ट काठावरच्या माणसानं लक्षात ठेवावी. सगळ्यात जोराचा मारा वळणाच्या ऐन पोटावर नसतो, त्याच्या थोडा खालच्या अंगाला असतो. वळणात शिरताना वेगवान धार आतल्या काठाजवळ असते, बाहेर सरकायला तिला अंतर लागतं. म्हणून वळण नुसतं बाहेर वाढत नाही, ते खालीही सरकतं. तुमच्या खालचा शेजारी आज निर्धास्त असेल तर त्याला आताच सांगा.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, वळणाच्या उथळ भागात गुडघाभर पाण्यात एक बांबू रोवा. त्याला तळाजवळ, मधात आणि पाण्याच्या वरच्या थरात रंगीत चिंध्या बांधा. तीनही चिंध्या एका रेषेत राहणार नाहीत. फरक थोडा असेल, पण वरची तुमच्या थडीकडं कललेली असेल आणि खालची समोर. हे फक्त उथळ बाजूलाच करा. दरडीजवळ पाण्यात उतरू नका.

डांगरवाडी (राळेगावकडचा)

दादा, म्या पलीकडच्या थडीचा. तुमच्या समोर हाय ना, तसल्याच रेतीवर आमी डांगरवाडी लावतो. टरबूज, डांगर, काकडी. साहेबानं सांगतलं ते वाचून मले लय बरं वाटलं, काहून का रेतीत हे बंदं दिसते.

रेतीचा पट्टा सारखा नसते. वरच्या टोकाले गोटे अन् जाड रेती. खालच्या टोकाले बारीक रेती, अन् तिच्यावर गाळाची पातळ खपली. धारेकडून काठाकडं वर चढत गेलं तरी तसंच, रेती बारीक होत जाते. आमी वाडी खालच्या अंगाले धरतो. तठी ओल टिकते, अन् हातभर खोदलं तरी झिरा लागते. वरच्या टोकाले घागरभर पानी घातलं तं लगेच खाली जाते, येल धरत नाई. दर साली पूर गेला का पैले जाऊन रेती हातात घेऊन पायतो, मंग जागा ठरवतो. पूर मोठा होता का लहान, हे बी त्या रेतीवरून समजते.

डोह तुमच्या अंगाले हाय, अन् मोठा मासा उन्हाळ्यात तठीच राह्यते. बैलबंडीचा उतार, म्हंजे नदी पार कराची जागा, कवाच वळणावर नसते. दोन वळणाच्या मधात, जठी धार एक थडी सोडून दुसऱ्या थडीले जाते, तठी पानी पसरते अन् उथळ होते. जुने गाडरस्ते पाहा, बंदे तठीच नदीत उतरते.

एक हात जोडून सांगतो. डोहात पोरं पोहाले उतरत असन तं थांबवा. वरून पानी शांत दिसते, पन दरडीजोळ ते खाली ओढते. साहेब म्हनते ना, पानी तठी बुडते, तेच. वरून दरड बी कवा अंगावर येईन सांगता येत नाई.

पूर्णाकाठ (दर्यापूर)

मोजणीदार काका, आमच्या पूर्णेला खोलच खोल गाळाची माती, दगड लागतच नाही, त्यामुळं नदी फार नागमोडी. वळण वाढत वाढत दोन टोकं जवळ आली की नदी मधातून स्वतःच तोडते आणि जुना भाग बाजूला पडतो. मग माणसानं आधीच पोकलेननं तोडलं तर बिघडलं काय? दादांच्या गावातली पहिली सूचना मला अगदीच चुकीची वाटत नाही.

मोजणीदार (निवृत्त)

बरं झालं विचारलंत, कारण ग्रामसभेत हाच मुद्दा पुढं येईल.

नदी स्वतः वळण तोडते तेव्हाही वर आणि खाली गोंधळ होतोच. फक्त असं वळण तुटण्याच्या आधी बऱ्याच वर्षांची वाढ झालेली असते. माणूस एका उन्हाळ्यात तोडतो. समजा वळणाची वाट १२०० मीटर आहे आणि कापून ती ५०० झाली. दोन टोकांमधली उंची तेवढीच, अंतर निम्म्याहून कमी. म्हणजे उतार जवळजवळ अडीच पट. पाणी तिथून जोरात सुटतं. कापलेल्या जागेच्या वर तळ खोल व्हायला लागतो, तो खोलावा वरच्या गावांकडं चढत जातो, आणि खालच्या गावांच्या काठांवर मारा वाढतो. पुलाचे पाये, बंधारे, काठावरच्या विहिरी, सगळ्यांनाच त्याचा त्रास. अमेरिकेत मिसिसिपी नदीची अनेक वळणं १९३० च्या दशकात अशी कापून नदी दोनशे किलोमीटरहून जास्त आखूड केली. ती पुन्हा लांब व्हायला लागली आणि काठ जागेवर ठेवण्यासाठी काँक्रीटच्या चटया अंथरत बसावं लागलं. आपल्या ग्रामपंचायतीला ते झेपणारं नाही. शिवाय खालच्या गावाचं शेत आपल्या शेतासाठी नदीत घालायचं, हे मला मान्य नाही. पाटबंधारे खात्याच्या अभ्यासाशिवाय आणि परवानगीशिवाय पात्राला हात लावू नका.

रेतीचं म्हणाल तर समोरचा पट्टा आधी वळणामुळं तयार होतो, आणि वाढला की तोच धार तुमच्याकडं रेटतो. तेवढ्यापुरतं दुसऱ्या मतात तथ्य आहे. पण वळण जागेवर आहे तोवर तळाचं पाणी रेती तिथंच आणून टाकणार. काढलेली जागा पुढच्या एक-दोन मोठ्या पुरांत भरते. मधल्या काळात खड्डे पडलेले असतात, आणि खड्डा तुमच्या दरडीच्या बाजूला सरकला तर पायाच उघडा पडतो. रेतीबरोबर समोरच्या वाड्याही जातील.

आता दरड. ती वरून ढासळताना दिसते, पण मरते पायातून. आपल्याकडं वर काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि खाली बऱ्याच ठिकाणी रेताड थर. मळसूत्री धार तो खालचा थर ओढून नेते, वरची काळी माती अधांतरी राहते. तरी भर पुरात ती बऱ्याचदा टिकते, कारण बाहेरून पाण्याचा आधार असतो. पाणी भराभर उतरलं की आधार जातो आणि भिजून जड झालेली माती आतल्या पाण्यासकट खाली बसते. म्हणून पूर ओसरल्यानंतरचे दोन दिवस दरडीच्या कडेला बैल, माणूस, ट्रॅक्टर काहीच नेऊ नका. भेग काठाला समांतर दिसली तर तिच्या पलीकडची जमीन गेली असं समजून चाला.

उपाय पायापासून करायचा. नुसता वरचा भाग दगडानं मढवला तर खालून धार पोखरते आणि दगड नदीत. गॅबियनच्या, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या, जाळ्या करायच्या असतील तर त्यांच्या पुढं तळावर दगडाचा पसारा ठेवावा लागतो, म्हणजे तळ खोलावला तरी तो दगड घसरून खड्ड्यात बसतो आणि पाय झाकून ठेवतो. काम उन्हाळ्यात, पाणी कमी असताना. सुरुवात वळणाच्या पोटाच्या आधीपासून आणि शेवट पुरेसा खाली, कारण मारा खाली सरकलेला असतो. उभी दरड तासून तिला उतार द्यावा लागेल. त्यात तुमची थोडी जमीन जाईल, हे मी लपवत नाही. पण ती तशीही जाणारच आहे, आणि असं दिलेली जमीन मागची वाचवते.

अजून एक पद्धत मला फार आवडते. १९८० च्या दशकात आयोवात जेकब ओडगार्ड आणि जॉन केनेडी यांनी वळणाच्या बाहेरच्या बाजूला तळावर बुटक्या उभ्या पट्ट्या बसवायचा उपाय मांडला. त्या पाण्याखाली बुडालेल्या असतात आणि धारेला थोड्या तिरप्या. प्रत्येक पट्टी तळाच्या पाण्याला उलटा पीळ देते, त्यामुळं वळणाचा पीळ सैल होतो आणि रेती दरडीच्या पायाशी बसायला लागते. नदी अडवायची नाही, सरळ करायची नाही, फक्त तिचा आडवा फेर मोडायचा. हे जाणकार अभियंत्याकडून आखून घ्यावं लागतं, पण मागणी करताना निदान नाव तरी घ्या. आपल्याकडं मागणी नेहमी संरक्षक भिंतीचीच होते.

कागदाचंही पाहा. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, दर पुरानंतर तारखेसह फोटो ठेवा, तलाठ्याकडून पंचनामा घ्या. वाहून गेलेल्या जमिनीचा आकार, म्हणजे शेतसारा, कमी करून मिळण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आहे.

थडीवरचा (ता. देवळी, जि. वर्धा)

काका, तुमचे दोन्ही प्रतिसाद मी घरी मोठ्यानं वाचून दाखवले. डांगरवाडीवाले भाऊ, पोरांना आजच सांगितलं. आमच्या बाजूला डोह असल्यामुळं आमच्या मोटरीचा फुटवाल, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, मे महिन्यातही पाण्यात राहतो आणि समोरच्या शेतकऱ्याला रेतीवरून लांबच लांब पाइप ओढावा लागतो, त्याचं कारणही आता कळलं.

ग्रामसभेत मी वळण कापायला विरोध करणार. दरडीच्या पायाचं काम मागणार आणि त्या बुडालेल्या पट्ट्यांचा विषयही लेखी देणार. एक विचारायचं राहिलं: खात्याकडून काही होईपर्यंत स्वतःच्या खर्चानं काही लावता येईल का? घरचे वाळा लावा म्हणतात, शेजारी बांबू म्हणतो.

मोजणीदार (निवृत्त)

दोन्ही लावा, जागा वेगळ्या. वाळा उतार दिलेल्या दरडीवर, काठाला समांतर ओळींत, ठोंब जवळजवळ. त्याची मुळं सरळ खाली खोल जातात आणि माती बांधतात. बांबू वरच्या सपाटीवर, कडेपासून चार-पाच मीटर आत. अगदी कडेवर लावला तर त्याच्या वजनानंच दरड बसेल. दरडीच्या खालच्या अंगाला निर्गुडी आणि शिंदी आपोआप उगवत असेल तर ती तोडू देऊ नका, शेळ्याही आवरा. यातलं काहीही पाण्याखालचा पाय वाचवणार नाही, तिथं दगडच लागेल, हे ध्यानात असू द्या.

मृगात लावलेला वाळा पहिल्याच मोठ्या पुरात उपटून जाण्याची भीती असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूर सरला की ओलीवर लावा आणि मोटर आहेच तर उन्हाळाभर पाणी द्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळं धरतील. ग्रामसभेची तारीख कळवा, वळणाचा नकाशा आणि हा चढाचा हिशेब मी कागदावर मांडून पाठवतो.